ज्या पुस्तकाने नाव झालं, तेच पुस्तक खोडलं गेलं तर? : कॅथलीन ह्यूज

लिफीकाठची
मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

डब्लिनला येऊन नऊ वर्षं झाली. आयर्लंडचा इतिहास म्हणजे बटाट्याचा दुष्काळ आणि १९१६ चा उठाव, इतकंच मला माहीत होतं. टाळेबंदी उठल्यावर जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन युरोंना 'अर्ली ख्रिश्चन आयर्लंड: इंट्रोडक्शन टू द सोर्सेस' हे १९७२ सालचं पुस्तक मिळालं. लेखिका कॅथलीन ह्यूज, आयर्लंडच्या जुन्या चर्चच्या इतिहासावर काम केलेली एक स्त्री संशोधक. मुखपृष्ठ आवडलं म्हणून घेतलं, खोटं कशाला बोलू. वाचायला घेतलं आणि अडकलेच. यात राजे आणि लढायांची गोष्ट नाहीच. पुरातत्त्व, कायदे, बखरी, संतचरित्रं, कला, असं एकेक साधन बाई समोर ठेवतात आणि विचारतात की याच्यावर विश्वास किती ठेवायचा आणि कशासाठी ठेवायचा.

मग बाईंच्या मागे लागले. जन्म १९२६, इंग्लंडच्या उत्तरेतल्या मिडल्सब्रोमधला. शिक्षण लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात. सुरुवातीचं काम आयर्लंडमधल्या क्लोनार्ड मठाच्या संत फिनियनच्या चरित्रांवर. हा सहाव्या शतकातला मठाधिपती 'आयर्लंडच्या संतांचा गुरू' म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्याकडे तीन हजार शिष्य होते अशी परंपरा आहे. १९५५ साली केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात फेलो. १९५८ साली केल्टिक इतिहासाच्या अभ्यासक नोरा चॅडविक निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा ह्यूजबाईंना मिळाली. १९६६ साली 'द चर्च इन अर्ली आयरिश सोसायटी' आलं आणि त्याने नाव झालं. १९७६ साली चॅडविकबाईंच्याच नावाचं रीडरपद मिळालं. एप्रिल १९७७ मध्ये वारल्या. वय पन्नास.

आता प्रश्न. १९६६ च्या त्या पुस्तकातली मुख्य मांडणी आज जवळपास कुणी जशीच्या तशी मानत नाही. त्या गेल्यावर सातच वर्षांनी इतिहासकार रिचर्ड शार्प यांच्या एका लेखाने तिला सुरुंग लावला. उत्तर द्यायला बाई हयात नव्हत्या. अशी कारकीर्द यशस्वी म्हणायची का?

(नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पगार वेळेवर मिळत होता ना?")

खोडरबर
पहिला!
नवऱ्याच्या मुद्द्याशी सहमत.

पोथीनिष्ठ
छान विषय. पण मांडणी काय होती ते सांगितलंच नाहीस. सुरुंग लागला म्हणतेस, भिंत तर दाखव.

एक निरीक्षण. फिनियनच्या चरित्रावर काम करायचं म्हणजे सहाव्या शतकावर नाहीच करायचं. ही चरित्रं कैक शतकांनी लिहिलेली. आपल्याकडची स्थलमाहात्म्यं घ्या. अमुक क्षेत्री रामाने पाय धुतले असं लिहिलेलं असतं, त्यातून रामाबद्दल शून्य कळतं. पण ते लिहिलं गेलं तेव्हा त्या क्षेत्राचा शेजारच्या क्षेत्राशी दक्षिणेवरून वाद चालू होता, हे मात्र कळतं.

लिफीकाठची
पोथीनिष्ठकाका, अगदी हेच! सातव्या शतकात तिरेखान नावाचा एक बिशप, आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म रुजवणारा संत पॅट्रिक देशभर कुठे कुठे फिरला, याची यादी देतो. वाचायला प्रवासवर्णन वाटतं, पण हेतू सरळ आहे: जिथे जिथे पॅट्रिकचा पाय लागला ते ते चर्च आर्माच्या (म्हणजे पॅट्रिकच्या मुख्य पीठाच्या) मालकीचं. तिकडे किल्डेअर मठाचा कोगिटोसस संत ब्रिजिटच्या चरित्रात लिहितो की ब्रिजिटचा अधिकार साऱ्या आयर्लंडवर पसरलाय. म्हणजे दोन देवस्थानांचे सातबारे.

आता मांडणी, माझ्या बोलीत. पाचव्या शतकात पॅट्रिकसारख्यांनी आणलेलं चर्च बिशपांचं होतं. प्रत्येक बिशपचा ठरावीक मुलूख, साधारण एकेका छोट्या राज्याएवढा. पण आयर्लंडमध्ये रोमन पद्धतीची शहरं नव्हती. जमीन कुळाची, निष्ठाही कुळाशी. सहाव्या-सातव्या शतकांत मठ वाढले. एका मूळ मठाच्या दूरदूरच्या शाखा, त्या सगळ्यांवर संस्थापकाचा वारस असलेला मठाधिपती. या जाळ्याला 'परुखिया' म्हणत. बाईंचं म्हणणं असं की हे जाळं त्या समाजाच्या अंगाला बरोबर बसलं आणि बिशपांची जुनी व्यवस्था मागे पडत गेली. हे एका रात्रीत झालं नाही. आठव्या शतकाच्या सुरुवातीला धर्मनियमांचं जे मोठं संकलन झालं त्यात 'रोमानी' (रोमच्या रीतीचे) आणि 'हिबेर्नेन्सेस' (आयरिश रीतीचे) असे दोन पक्ष एकमेकांविरुद्ध मतं देताना दिसतात. बाईंनी ही भांडणं नीट वाचली.

१९८४ मध्ये शार्प म्हणाले, थांबा. बिशप मागे पडलेच नाहीत. धर्माचा कारभार, दीक्षा, लोकांची देखभाल त्यांच्याकडेच राहिली. मठाधिपतीकडे होती ती मुख्यतः मालमत्ता. 'बिशपांचं चर्च' जाऊन 'मठांचं चर्च' आलं ही गोष्टच चुकीची. पुढे १९९९ मध्ये कोल्मान एचिंगम यांनी अख्खा ग्रंथ लिहून ते आणखी पक्कं केलं.

तात्यांची_सून
एवढं सगळं वाचून मला एकच कळलं: देवळाचा पुजारी वेगळा आणि ट्रस्टी वेगळा. आमच्या गावात शेंबड्या पोराला माहितीये. केंब्रिजला १९८४ उजाडावं लागलं. हलके घ्या.

खोडरबर
तात्यांच्या सूनबाईंना डॉक्टरेट द्या रे कुणीतरी.

निवडुंग७
थोडा विरोधी सूर लावतो.
१) इंग्लंडात जन्मलेली, इंग्लंडात शिकलेली बाई केंब्रिजात बसून आयरिश लोकांचा इतिहास सांगते. आपल्याकडे हेच साहेबाने केलं की आपण हत्यारं काढतो.
२) 'स्त्री संशोधक' असा वेगळा उल्लेख कशाला? काम बघा. पुरुषाच्या कारकिर्दीवर 'पुरुष संशोधक' असा धागा निघतो का?

टिपणवही
निवडुंग, दुसऱ्या मुद्द्याचं आधी. उल्लेख करावा लागतो कारण हिशेब तसा आहे. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या द्यायला सुरुवात केली १९४८ साली. न्यूनम कॉलेज १८७१ पासून चालू, म्हणजे मुली शिकताहेत, परीक्षा देताहेत, पदवी नाही. ह्यूजबाई १९५५ मध्ये तिथे आल्या तेव्हा या गोष्टीला जेमतेम सात वर्षं झाली होती. त्या स्वतः लंडन विद्यापीठाच्या. तिथे हा दरवाजा १८७८ मध्येच उघडला होता.

यातली गंमत म्हणजे डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज. १९०४ साली त्यांनी स्त्रियांना प्रवेश दिला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि ट्रिनिटी एकमेकांच्या पदव्या मान्य करत. मग ऑक्सफर्ड-केंब्रिजमधून परीक्षा पास झालेल्या पण पदवी न मिळालेल्या बायका सरळ बोटीत बसून डब्लिनला जायच्या, शुल्क भरायच्या, झगा घालून पदवी घ्यायच्या आणि परतीची बोट पकडायच्या. १९०४ ते १९०७ या काळात अशा सुमारे सातशे जणी. त्यांना नावच पडलं 'आगबोटवाल्या'.

आणि रॉयल आयरिश अकादमीने पहिल्या चार स्त्रियांना सदस्य करून घेतलं ते १९४९ मध्ये. त्यात एलेनॉर नॉट होत्या, जुन्या आयरिश भाषेच्या आणि दरबारी कवितेच्या दिग्गज, तेव्हा वय ६२-६३. आणि फ्रान्स्वाज आँरी, आयरिश क्रॉस आणि सजवलेल्या पोथ्यांच्या अभ्यासक. उरलेल्या दोघी विज्ञानातल्या.

अर्धीभाकर
आगबोटवाल्या!! हे माहीत नव्हतं. एखादी मालिका होईल यावर.

लिफीकाठची
टिपणवही, धन्यवाद. पहिल्या मुद्द्याचं मी सांगते. तिकडे 'आपली' असलेली एक इतिहासकार होतीच. अ‍ॅलिस स्टॉपफर्ड ग्रीन, जन्म १८४७, परगणा मीथमधल्या केल्सचा. १९०८ मध्ये तिने ग्रंथ लिहिला की इंग्रजांनी मोडण्याआधीचं आयर्लंड व्यापारउदीम असलेलं, सुसंस्कृत होतं. १९१४ मध्ये हौथ बंदरात ९०० बंदुका उतरवल्या गेल्या, त्या खरेदीसाठी पैसे उभारणाऱ्यांत ती पुढे. १९२२ मध्ये स्वतंत्र राज्याच्या सिनेटमध्ये बसली. अशी बाई मला जाम आवडते. पण ती वाचताना सतत जाणवतं की तिला उत्तर आधीच माहीत आहे. ह्यूज वाचताना तसं होत नाही. तिला कुणाची बाजू जिंकून द्यायची नाहीये. परकेपणाचा तेवढा फायदा असेलही.

निवडुंग७
बंदुका आणणारी इतिहासकार! मुद्दा मागे घेतो. अर्धा.

वकिलीण_सोलापूर
अवांतर आहे पण राहवत नाही.

जुन्या आयरिश कायद्यात 'ट्रोस्काद' म्हणून प्रकार आहे. कर्ज घेणारा बडा असामी असेल तर धनको त्याच्या दाराशी जाऊन उपाशी बसतो. बड्याने तारण दिलं नाही आणि तसाच जेवला तर दुप्पट भरायचं, वर अब्रू जाते ती वेगळीच. म्हणजे धरणं! हेन्री मेन हा कायदेपंडित १८६० च्या दशकात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधी सदस्य होता. परत गेल्यावर १८७५ च्या पुस्तकात त्याने ही तुलना केली.

तोवर इथे धरणं धरणं गुन्हा झालं होतं. जुन्या भादंविचं (भारतीय दंड संहिता, २०२४ पर्यंत लागू होती) कलम ५०८ काढून बघा, दाखलाच दिला होता: अमका तमक्याच्या दारात धरणं धरून बसतो, तमक्यावर दैवी कोप व्हावा म्हणून. कायदा शिकताना आम्ही या कलमाला फिदीफिदी हसायचो.

पोथीनिष्ठ
वकिलीणबाई, पुढचा दुवा मी देतो. मेनच्या नंतर काही वर्षांनी त्याच कौन्सिलात विधी सदस्य झाला व्हिटली स्टोक्स, डब्लिनचा. १८६२ मध्ये हिंदुस्थानात आला आणि वीस वर्षं राहिला. दिवसा कायद्यांचे मसुदे, रात्री जुनी आयरिश. 'कॉर्मकचा शब्दकोश' त्याने १८६८ मध्ये छापला तो कलकत्त्यात. संत अदमनानच्या स्वर्ग-नरक दर्शनाची जुनी कथा १८७० मध्ये छापली ती सिमल्यात! सिमल्याच्या छापखान्यात मध्ययुगीन आयरिश खिळ्यांवर चढवणारा जुळारी कोण असेल, आणि त्याने मुद्रितं वाचताना काय काय म्हटलं असेल, याचा मी नेहमी विचार करतो.

पॅट्रिकचं 'त्रिखंडी' चरित्रही स्टोक्सनेच १८८७ मध्ये संपादित केलं. त्यात पॅट्रिक डोंगरावर चाळीस दिवस उपाशी बसून प्रत्यक्ष देवाकडून मागण्या मान्य करून घेतो. देवदूत दर वेळी विचारतो, आता उठतोस का? हा म्हणतो, अजून एक मागणी आहे. युनियनच्या वाटाघाटी वाचल्यासारखं वाटतं.

खोडरबर
खिक्! देवाला घेराव.

गडबडगुंडा
संत मंडळी शांत असतील असं वाटत होतं.

लिफीकाठची
शांत? अल्स्टरच्या बखरीत ७६४ सालची नोंद आहे: क्लोनमॅकनॉइझ आणि डरो या दोन मठांमध्ये लढाई, डरोचे दोनशे लोक ठार. व्हायकिंगांचा पहिला हल्ला ७९५ चा. म्हणजे लुटारू यायच्या तीस वर्षं आधीच ही मंडळी एकमेकांना कापत होती.

मठ कुणी लुटले, हा ह्यूजबाईंच्या काळात मोठा वाद होता. ए. टी. लुकस यांनी दाखवून दिलं की चर्च जाळण्या-लुटण्यात आयरिश लोक स्वतः काही कमी नव्हते, सगळं व्हायकिंगांच्या माथी मारू नका. ह्यूजबाईंनी यावर भावनिक होण्याऐवजी बखरींतल्या नोंदी मोजायला घेतल्या. कोणत्या काळात कोणत्या प्रकारच्या नोंदी, लिहिणारा कुठल्या मठात बसलाय, लांबची बातमी त्याच्यापर्यंत येते का. नोंदी वाढल्या म्हणजे घटना वाढल्या असं नाही, कदाचित लिहिणारा जास्त बोलका होता.

तात्यांची_सून
आखाड्यांचं आठवलं. म्हणून तर शैव त्र्यंबकेश्वरला आणि वैष्णव नाशकात रामकुंडावर.

अर्धीभाकर
मूळ प्रश्नावर येते. थोडं मोठं होईल.

मी पीएचडी केली, विषय संतचरित्रांचाच, मराठी. गाव, विद्यापीठ काही सांगत नाही. माझं तिसरं प्रकरण एका बाईंच्या जुन्या लेखावर उभं होतं आणि मी त्यांचा निष्कर्ष चुकीचा ठरवत होते. त्या तेव्हा निवृत्त, आजारी. मार्गदर्शक म्हणाले, "नाव न घेता लिही, उगाच दुखावतील." मी तसंच केलं. नाव गाळलं, 'काही अभ्यासकांच्या मते' असं लिहिलं. पुढे कळलं की त्यांनी प्रबंध मागवून वाचला होता आणि नेमकं त्याचंच त्यांना वाईट वाटलं. खोडलं म्हणून नाही. 'काही अभ्यासक' म्हटलं म्हणून. मी भेटायला जाणार होते, राहिलं.

तेव्हा लिफी, तू म्हणतेस उत्तर द्यायला बाई हयात नव्हत्या. पण शार्पने त्यांना नाव घेऊनच खोडलं असणार ना?

लिफीकाठची
अर्धी, हे वाचून गलबललं.

हो, नाव घेऊन. आणि नुसतं तेवढंच नाही. शार्पच्या लेखात जी साधनं येतात ती बघ: धर्मनियम, तिरेखान, सातव्या शतकातले आर्माचे दावे. बाईंच्या आधी या काळावर लिहिणारे बरेचसे लोक संतचरित्रांतल्या गोष्टी गाळून घेऊन इतिहास म्हणून वाढायचे. रुक्ष नियम वाचा, त्यात खरी माणसं आहेत, हे बाईंनी १९६६ मध्ये करून दाखवलं. 'पॅट्रिकची पहिली धर्मसभा' म्हणून एक नियमावली आहे. त्यात म्हटलंय की पाद्र्याची बायको डोकं न झाकता हिंडली तर दोघांनाही बाहेर काढा. पाद्र्याची बायको! नाव पॅट्रिकचं असलं तरी बाईंनी ही नियमावली सहाव्या शतकात नेली, कारण त्यातलं चर्च रुळलेलं, मुलूख वाटून बसलेलं दिसतं. ती तारीखही वादात आहे. पण भांडण आता नियमावलीवर होतं, चमत्कारांवर नाही.

पोथीनिष्ठ
आणि पन्नाशीत गेल्या हे विसरू नका. आणखी वीस वर्षं मिळाली असती तर स्वतःच स्वतःला खोडलं असतं. फिनियनपासून सुरुवात करून १९७० मध्ये जुन्या स्कॉटलंडमधल्या पिक्ट लोकांवर व्याख्यान, १९७३ मध्ये वेल्सच्या लॅटिन बखरींवर. एका जागी बसणारी बाई नव्हती.

टिपणवही
त्यांचे स्कॉटलंड-वेल्सचे लेख डेव्हिड डमविल यांनी १९८० मध्ये पुस्तकरूपात आणले. १९८२ मध्ये स्मृतिग्रंथ निघाला, संपादकांत डमविलबरोबर डोरोथी व्हाइटलॉक आणि रोझामंड मॅकिटरिक. व्हाइटलॉकबाई तेव्हा ऐंशीच्या. पंचवीस वर्षांनी धाकट्या सहकारिणीचा स्मृतिग्रंथ संपादित करायचा, कसं वाटलं असेल.

निवडुंग७
उरलेला अर्धा मुद्दाही मागे.

गडबडगुंडा
इतकं वाचल्यावर विचारतो, सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू? इतिहास माझा प्रांत नाही, मी पाण्याच्या टाक्या विकतो.

लिफीकाठची
गडबडगुंडा, १९६६ चं नको, ते जड आहे आणि खोडलेलं कुठलं हे आधी माहीत असावं लागतं. १९७७ चं 'द मॉडर्न ट्रॅव्हलर टू द अर्ली आयरिश चर्च' घे. अ‍ॅन हॅमलिन या पुरातत्त्वज्ञ बाईंबरोबर लिहिलेलं, त्या गेल्या त्याच वर्षीचं. पातळ आहे. पडके मठ बघायला जाणाऱ्या साध्या माणसासाठी लिहिलंय: इथे कुंपण का, इथे विहीर का, क्रॉस कुठे उभा करत. केंब्रिजची रीडर बाई शेवटी प्रवाशांसाठी वाटाड्याची वही लिहून गेली.

मी येत्या शनिवारी क्लोनार्डला जाणार आहे. मठाचं जमिनीवर काही उरलेलं नाही, नुसती शेतं आणि उंचवटे. नवरा विचारतोय, "मग बघायचं काय?"

तात्यांची_सून
त्याला म्हणावं, डबा खायचा. दशम्या आणि लसणाची चटणी ने, ओल्या गवतावर बसायला प्लास्टिकचा कागद ने.

वकिलीण_सोलापूर
नाही आला तर दारात धरणं धर. कलम तिथे लागू नाही.

लिफीकाठची
येतोय! गाडी तोच चालवणार. फोटो इथेच टाकते, शेतांचे आणि उंचवट्यांचे.